गुण वाढले, पण खेळ आला का?

2014 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठातून एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मॅथ्यू हाउसक्नेख्ट, जोएल लेहमन, रिस्तो मिक्कुलाइनेन आणि पीटर स्टोन यांनी अटारी 2600 या जुन्या गेम यंत्रावरचे 61 खेळ उत्क्रांतीतून घडलेल्या न्यूरल नेटवर्ककडून खेळवून घेतले. खेळ दाखवण्याच्या तीन तऱ्हा होत्या. पहिल्या तऱ्हेत पडद्यावरच्या वस्तू आधी ओळखून फक्त त्यांच्या जागा कळवल्या जात. दुसरीत पडद्यावरचे रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल, दिले जात. तिसऱ्या तऱ्हेत खेळाशी काडीचाही संबंध नसलेले, दर वेळी त्याच क्रमाने येणारे निरर्थक आकडे पुरवले जात. म्हणजे खेळाडू जवळजवळ डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेला. तरीही अनेक खेळांत या तिसऱ्या गटाने गुण कमावले.

यात जादू नव्हती. खेळ दर वेळी अगदी त्याच स्थितीतून सुरू होत होता आणि त्याच चालीने पुढे सरकत होता. त्यामुळे समोर काय चाललंय हे न पाहताही, कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबायचं याची साखळी पाठ करून पुढे जाता येत होतं. या क्षेत्रात मोठे आकडे देणारे प्रयोग पुष्कळ झाले, पण मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्याच पद्धतीच्या यशात पाठांतराचा वाटा किती, हे त्या संशोधकांनी स्वतःहून मोजलं. आर्केड खेळ खेळणारा एजंट उत्क्रांतीने घडवता येतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. तो येतो. जो घडला त्याला खेळ आला का, की त्याने फक्त गुणांचा रस्ता शोधला, हे आजही प्रत्येक वेळी नव्याने तपासावं लागतं.

पद्धत समजायला अवघड नाही. खेळाच्या स्थितीचे आकडे नेटवर्कमध्ये एका बाजूने आत जातात, जोडण्यांवरच्या वजनांनी गुणले जातात, त्यांच्या बेरजा होतात आणि दुसऱ्या बाजूला जॉयस्टिक कुठे वळवायची, बटण दाबायचं की नाही, हे ठरतं. सुरुवातीला ही वजनं वाटेल तशी भरलेली असतात. अशी शे-दीडशे नेटवर्कं तयार करायची, प्रत्येकाला खेळायला लावायचं आणि गुणांप्रमाणे क्रम लावायचा. वरची राखायची, खालची टाकून द्यायची, राखलेल्यांच्या प्रतींत थोडे फेरफार करून पुढची पिढी जन्माला घालायची. हे चक्र शेकडो वेळा फिरतं. या सगळ्यात ‘त्या क्षणी डावीकडे वळायला हवं होतं’ असं नेटवर्कला कोणीही सांगत नाही. खेळ संपल्यावरचा एक आकडा, एवढीच शिकवणी.

कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल यांनी 1960 च्या दशकात यंत्रभागांचे आकार सुधारण्यासाठी उत्क्रांतीची युक्ती वापरली. जॉन हॉलंड यांचं जनुकीय अल्गोरिदमांची बैठक घालून देणारं पुस्तक 1975 मध्ये आलं. नेटवर्कची वजनं अशा रीतीने शोधण्याचे प्रयत्नही त्यानंतर बरेच झाले. पण नेटवर्कची रचना, म्हणजे बेरजा करणाऱ्या किती पेशी आणि कुणाची जोडणी कुणाशी, ही बहुतेक वेळा माणूसच ठरवून देत असे.

ही रचनाही उत्क्रांतीवर सोपवण्याची सर्वांत गाजलेली रीत दिली ती केनेथ स्टॅनली आणि मिक्कुलाइनेन यांनी, 2002 साली. त्यांची ‘नीट’ ही पद्धत आजही या विषयाचं प्रवेशद्वार आहे आणि ती तशी का टिकली हे समजून घेण्यासारखं आहे. दोन चांगल्या नेटवर्कांचा संकर करायचा म्हटलं की मोठी अडचण येते. तेच काम करणाऱ्या पेशी दोघांत वेगवेगळ्या जागी असू शकतात. दोन घरांतल्या मिसळणाच्या डब्यांत मसाले तेच, पण वाट्यांचा क्रम निराळा. अर्धा डबा एकीचा आणि अर्धा दुसरीचा घेतला तर हळद दोनदा येते आणि मोहरी येतच नाही. नेटवर्कांच्या संकरात नेमकं हेच होऊन धड आईबापांना नीट न चालणारं अपत्य मिळत असे. स्टॅनलींनी उपाय काढला तो नोंदीचा. एखादी जोडणी उत्क्रांतीत पहिल्यांदा उगवली की तिला एक क्रमांक द्यायचा आणि तो वंशजांमध्ये कायम ठेवायचा. संकराच्या वेळी समान क्रमांकाच्या जोडण्या समोरासमोर ठेवल्या की काय कशाशी जुळतं हे आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. नेटवर्कमध्ये नवी पेशी शिरली की सुरुवातीला त्याचा खेळ बहुतेक बिघडतोच, कारण तिची वजनं अजून जुळलेली नसतात. थेट स्पर्धेत असं नेटवर्क पहिल्याच फेरीत बाद होईल. म्हणून ‘नीट’मध्ये सारख्या रचनेच्या नेटवर्कांच्या प्रजाती पाडल्या जातात आणि स्पर्धा मुख्यतः प्रजातीच्या आत होते. नव्या कल्पनेला रुळायला काही पिढ्या मिळतात. तिसरी गोष्ट, सुरुवात अगदी लहान नेटवर्कापासून करायची आणि गरज पडेल तशी गुंतागुंत वाढू द्यायची. मला या तिन्हींत प्रजातींची युक्ती सर्वांत दूरदर्शी वाटते, कारण आजचे गुण आणि उद्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिने स्पष्टपणे मान्य केलं. पुढच्या वीस वर्षांतल्या बऱ्याच चांगल्या कामाचं मूळ तिथे आहे.

खेळांकडे वळलेल्यांत सायमन ल्युकस यांनी 2005 मध्येच मिस पॅक-मॅनसाठी नेटवर्क उत्क्रांत केलं होतं. पण सामान्य लोकांपर्यंत हा विषय नेला तो 2015 मधल्या ‘मारी/ओ’ने. सेथब्लिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यूट्यूबरने ‘नीट’ वापरून सुपर मारिओ वर्ल्डची एक पातळी पार करणारं नेटवर्क तयार केलं. 34 पिढ्या, साधारण एक दिवस. सुरुवातीला जागच्या जागी उभा राहणारा मारिओ शेवटी उड्या मारत, शत्रू चुकवत टोकाला पोचतो. जगभरच्या कितीतरी मुलांना न्यूरल नेटवर्क म्हणजे काय हे पहिल्यांदा त्या व्हिडिओतून कळलं, आणि हे त्या कामाचं खरं श्रेय आहे. मात्र तो मारिओ एका पातळीवर घडला होता. तिथे कोणता शत्रू कधी येतो हे ठरलेलं होतं, आणि नेटवर्कला पडद्याऐवजी मारिओभोवतीच्या चौकटींचा सोपा नकाशा दिला होता. ज्या अर्थाने मारिओ खेळणाऱ्या मुलाला तो खेळ येतो, त्या अर्थाने तो त्या नेटवर्कला आला असं म्हणता येत नाही.

सर्वांना एकाच मापाने तुलना करता यावी अशी जागा 2013 मध्ये तयार झाली. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाशी संबंधित मार्क बेलमेर आणि सहकाऱ्यांनी ‘आर्केड लर्निंग एन्व्हायर्नमेंट’ खुलं केलं. स्टेला हा अटारी 2600 चा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा कार्यक्रम, त्याच्या पोटात आहे. मूळ यंत्र 1977 चं. त्याची स्मृती 128 बाइट, पडदा 160 बाय 210 पिक्सेलचा, आणि जॉयस्टिक व बटण मिळून 18 शक्य हालचाली. आर्केडमधले खेळ घरच्या टीव्हीवर आणणारं हे यंत्र संशोधकांना आवडलं, कारण खेळ पुष्कळ आहेत, एकमेकांहून वेगळे आहेत आणि संशोधकांच्या सोयीसाठी बनवलेले नाहीत.

ऑस्टिनच्या ज्या प्रयोगाने मी सुरुवात केली तो याच मैदानावर झाला. त्यातून आणखी एक गोष्ट दिसली. वस्तूंच्या जागा आयत्या मिळाल्या की ‘नीट’सारख्या पद्धती उत्तम चालत, कच्चे पिक्सेल दिले की वजनांची संख्या इतकी फुगे की एकेक वजन स्वतंत्रपणे शोधणं त्यांना झेपत नसे. तिथे ‘हायपरनीट’ उपयोगी पडलं. त्यात एक छोटं नेटवर्क उत्क्रांत होतं आणि ते मोठ्या नेटवर्कच्या साऱ्या वजनांचा आराखडा रंगवून देतं. पण नेमक्या त्याच सुमारास लंडनच्या डीपमाइंडने मैदान काबीज केलं. 2013 च्या अखेरीस सात आणि 2015 मध्ये ‘नेचर’मधून 49 अटारी खेळ त्यांच्या ‘डीक्यूएन’ने थेट पिक्सेलवरून शिकून दाखवले. ती पद्धत उत्क्रांतीची नाही. प्रत्येक चालीनंतर चूक किती झाली याचा अंदाज घेऊन वजनं उताराच्या दिशेने सरकवणारी आहे. लाखो वजनांच्या नेटवर्कला उत्क्रांतीने शिकवणं अशक्य, असं मत मग जवळपास रूढ झालं.

ते मत 2017 मध्ये दोनदा मोडलं. मार्चमध्ये ओपनएआयच्या टिम सालिमन्स आणि सहकाऱ्यांनी रेखेनबर्ग यांच्या परंपरेतली ‘उत्क्रांती व्यूहरचना’ अटारीवर लावली. एका नेटवर्कच्या वजनांना अनेक दिशांनी थोडंथोडं ढकलून पाहायचं आणि ज्या दिशांना गुण वाढले तिकडे एकूण सरकायचं. 720 प्रोसेसर कोर वापरून साधारण तासाभरात ते निकालापर्यंत आले. ‘ए3सी’ या त्या वेळच्या प्रसिद्ध पद्धतीशी तुलना केली तेव्हा 23 खेळांत ते पुढे होते, 28 खेळांत मागे. मात्र त्यासाठी त्यांनी शंभर कोटी फ्रेम, म्हणजे पडद्यावरची तितकी चित्रं, वापरल्या, तर ए3सीने 32 कोटी. ही तफावत विसरून दोन्ही पद्धती सारख्या म्हणणं योग्य नाही. उत्क्रांतीची बाजू एवढीच की तिला प्रत्येक फ्रेममागे गणित कमी लागतं आणि काम हजारो यंत्रांवर सहज वाटता येतं.

वाटण्याची त्यांची युक्ती फार सुंदर आहे. लाखो वजनं यंत्रायंत्रांत पाठवायची तर जाळंच तुंबेल. पण यादृच्छिक आकडे संगणक एका बीजसंख्येवरून तयार करतो आणि तेच बीज दिलं की तेच आकडे पुन्हा मिळतात. प्रत्येक यंत्राला दुसऱ्याची बीजं आधीच माहीत असली तर फक्त ‘मला इतके गुण मिळाले’ हा एक आकडा कळवला की पुरतं.

डिसेंबरमध्ये उबरच्या प्रयोगशाळेने हीच युक्ती आणखी पुढे नेली. फेलिपे सच, जेफ क्लून, स्टॅनली, लेहमन आणि इतरांनी डीक्यूएनच्याच घडणीचं, चाळीस लाखांहून अधिक वजनांचं नेटवर्क घेतलं आणि त्यावर अगदी साधा जनुकीय अल्गोरिदम चालवला. संकर नाही, प्रजाती नाहीत. हजारांची पिढी, वरच्या वीसांतून पालक निवडायचे, वजनांत किंचित यादृच्छिक भर घालायची. नेटवर्क साठवायचं तेही वजनांच्या रूपात नाही: जन्माचं एक बीज आणि प्रत्येक पिढीतल्या बदलाचं एकेक बीज, एवढी त्याची वंशावळ जपली की संपूर्ण नेटवर्क हवं तेव्हा पुन्हा उभं करता येतं. हे साधं तंत्र कित्येक खेळांत डीक्यूएन आणि ए3सीच्या तोडीस तोड ठरलं. पुढच्या वर्षी त्यांनी कार्यक्रम असा सुधारला की एका तगड्या डेस्कटॉपवर साधारण चार तासांत प्रशिक्षण होऊ लागलं. दूरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या संशोधकासाठी ही बातमी गुणांच्या आकड्यांहून मोठी होती.

उत्क्रांती नेमकी कुठे उपयोगी पडते याचं उत्तर उबरच्या 2017 च्या शोधनिबंधातल्या स्कीइंग या खेळातून मिळतं. बर्फाच्या उतारावरून निशाणांच्या मधून घसरत जायचं असतं, आणि चुकलेल्या निशाणांचा दंड शर्यत संपल्यावर एकदम मिळतो. चालीगणिक शिकणाऱ्या पद्धतींना हा दंड कोणत्या चालीचा हे हुडकणं फार जड जातं. उत्क्रांतीला पहिल्यापासून शेवटचाच आकडा दिसत असल्याने उशिराने आलेला दंड आणि लगेच आलेला दंड तिच्या लेखी सारखे. उबरचा साधा अल्गोरिदम तिथे डीक्यूएन, ए3सी आणि ओपनएआयची पद्धत या तिन्हींपेक्षा सरस ठरला. पण त्याच निबंधात एक अस्वस्थ करणारं निरीक्षणही आहे. निव्वळ यादृच्छिक नेटवर्कं तयार करून त्यांतलं उत्तम उचललं, तरी काही खेळांत ते नामवंत पद्धतींच्या पुढे गेलं. म्हणजे आपण ज्यांना कठीण परीक्षा समजत होतो, त्यांतल्या काही तितक्या कठीण नव्हत्या.

गुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये याचा सर्वांत बोलका दाखला 2018 चा, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचा. पॅट्रिक ख्राबाश्च, इल्या लोशिलोव आणि फ्रँक हुटर यांनी 1970 च्या दशकातली जुनीच उत्क्रांती व्यूहरचना क्यूबर्ट या खेळावर चालवली. पायऱ्यांच्या मनोऱ्यावर उड्या मारत सगळ्या चौकटींचा रंग बदलायचा, असा तो खेळ. एका एजंटने पहिली फेरी संपवली आणि मग इकडून तिकडे अर्थहीन वाटणाऱ्या उड्या मारायला सुरुवात केली. दुसरी फेरी सुरू होण्याऐवजी चौकटी लुकलुकू लागल्या आणि गुण वाढत वाढत दहा लाखांच्या जवळ गेले. खेळाच्या त्या आवृत्तीतच चूक होती आणि उत्क्रांतीने ती शोधली होती. दुसऱ्या एका एजंटने शत्रूला कड्यावरून उडी मारायला लावण्याचा सापळा रचला. त्यात स्वतःचाही एक जीव जाई, पण त्या गुणांवर नवा जीव मिळे, आणि हे चक्र चालू राही. ऑस्टिनच्या गटालाही गोफर, एलिव्हेटर ॲक्शन आणि क्रल या खेळांत गुणांची अशी न संपणारी फेरी सापडली होती.

याला कोणी एजंटची फसवणूक म्हणतं, पण मला ते पटत नाही. त्याला गुण वाढवायला सांगितले होते आणि त्याने ते वाढवले. त्रुटी आपल्या मागणीत आहे. म्हणून या क्षेत्रातलं खरं कौशल्य निवडीचा निकष लिहिण्यात आणि निकाल तपासण्यात आहे असं मी मानतो. मार्लोस मचादो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सुचवलेला उपाय साधा आहे: दर वेळी 25 टक्के शक्यतेने यंत्राने नवी आज्ञा न ऐकता आधीचीच हालचाल पुन्हा करायची. एवढ्याने पाठ केलेली साखळी तुटते आणि समोर पाहून खेळणाराच टिकतो. नशिबाचाही प्रश्न असतो. हजार जण खेळले की त्यांत एखादा केवळ योगायोगाने वर येतो. उबरच्या गटाने त्यासाठी पहिल्या दहांना आणखी तीस-तीस डाव खेळायला लावून मगच पिढीचा सर्वोत्तम ठरवला. ज्या प्रयोगात अशी फेरतपासणी नाही त्यातल्या कमाल गुणांना मी फारशी किंमत देत नाही.

काही खेळांत तर गुणांच्या मागे लागणंच घातक ठरतं. माँटेझुमाज रिव्हेंजमध्ये पहिली किल्ली मिळेपर्यंत शिड्या, दोर आणि फिरती कवटी ओलांडावी लागते, आणि तोवर गुण शून्य. सारी पिढी शून्यावर असेल तर निवडायचं कुणाला? लेहमन आणि स्टॅनली यांनी 2008 पासून मांडलेलं उत्तर धाडसी होतं: गुण बाजूला ठेवा आणि आधी कोणी केलं नाही असं जो करेल त्याला निवडा. याच विचाराच्या वाटेवर पुढे ‘गो-एक्सप्लोर’ आलं, आणि एड्रियन इकॉफे, योस्ट हाउझिंगा, लेहमन, स्टॅनली व क्लून यांनी ते 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. पोचलेल्या प्रत्येक वेगळ्या जागेची नोंद ठेवायची, त्या जागी परत जायचं आणि तिथून पुढे शोधायचं. ज्या खेळात डीक्यूएनला एकही गुण मिळाला नव्हता तो असा सुटला. गो-एक्सप्लोर नेटवर्कची उत्क्रांती करत नाही, पण त्याची स्मृती राखण्याची कल्पना उत्क्रांतीच्या घराण्यातलीच आहे.

शेवटचा धागा लहान नेटवर्कचा, आणि भविष्य मला तिथे अधिक दिसतं. 2018 मध्ये डेव्हिड हा आणि युर्गन श्मिडहुबर यांनी कामाची फोड केली. पाहणं आणि पुढे काय घडेल याचा अंदाज बांधणं हे मोठ्या नेटवर्कना नेहमीच्या पद्धतीने शिकवलं. निर्णय घेणारा भाग मात्र मोटार शर्यतीच्या खेळासाठी अवघ्या 867 वजनांचा ठेवला आणि तो उत्क्रांतीने घडवला. शंभर डावांची सरासरी 906 आली. 900 ला तो खेळ सुटला असं मानतात. ज्युसेप्पे कुक्कू, ज्युलियन टोगेलियस आणि फिलिप कुद्रे-मोरू यांनी तर अटारीचे काही खेळ सहा ते अठरा पेशींच्या नेटवर्ककडून खेळवले. पडद्याचं आकलन वेगळं काढल्यावर निर्णयाला किती थोडं पुरतं हे त्यातून दिसलं. एवढं छोटं नेटवर्क उघडून ते काय शिकलं हे पाहता येतं, चाळीस लाख वजनांचं तसं पाहता येत नाही.

माझा निष्कर्ष असा: पिक्सेलपासून सगळं शिकायचं असेल आणि गुण वरचेवर मिळत असतील तर चालीगणिक शिकणाऱ्या पद्धती कमी खेळून जास्त शिकतात, आणि तिथे उत्क्रांतीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. गुण उशिरा येत असतील, निर्णय घेणारा भाग लहान असेल, नेटवर्कची रचनाच शोधायची असेल किंवा साधी पण पुष्कळ यंत्रं हाताशी असतील, तिथे उत्क्रांतीचा विचार आधी करावा.

आपल्याकडे अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी या विषयाची सुरुवात फ्लॅपी बर्ड आणि ‘नीट’ने करतात. सुरुवात चांगलीच आहे. पण पक्ष्याची उंची, पुढच्या नळीचं अंतर आणि फटीची जागा हे तीन आकडे आयते दिले की मधली एकही पेशी नसलेलं नेटवर्क तो खेळ पार करू शकतं, त्यामुळे न मरणारा पक्षी दाखवून अहवाल संपवू नका. फटींमधलं अंतर बदला, वेग बदला, मधूनच एखादी आज्ञा गाळा, वेगवेगळ्या बीजांवरून सगळं प्रशिक्षण पुन्हा करा आणि सर्वांत चांगल्या आकड्याबरोबर सरासरी आणि सर्वांत वाईट आकडाही छापा. एकदा तरी नेटवर्कला निरर्थक आकडे देऊन त्याला किती गुण मिळतात ते मोजा, आणि तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर द्या.